लेडी टाटा स्मृतिनिधी : एका शिष्यवृत्तीतील विज्ञानधोरण

उत्तर वेल्समधील रूथिन येथील एका शुश्रूषागृहात १८ जून १९३१ रोजी लेडी मेहेरबाई टाटा यांचे निधन झाले. त्यांचे वय तेव्हा ५१ वर्षांचे होते. साडी नेसून टेनिसचे सामने खेळणाऱ्या, स्त्रियांच्या संघटनांत अखेरपर्यंत काम करणाऱ्या आणि बालविवाहाला आळा घालणाऱ्या १९२९ च्या सारडा कायद्याचा आग्रहाने पुरस्कार करणाऱ्या या कर्तबगार स्त्रीला ज्या रोगाने नेले, त्याचे नाव ल्यूकेमिया. सर्वसामान्य भाषेत आपण त्याला रक्ताचा कर्करोग म्हणतो. त्यांचे पती सर दोराबजी टाटा यांच्याजवळ पोलादाचा कारखाना होता, वीज कंपन्या होत्या, जगातील उत्तम डॉक्टरांना बोलावण्याची ऐपत होती. तथापि विकत घेता येईल असे औषधच त्या काळी अस्तित्वात नव्हते.

पुढील वर्षी, म्हणजे १९३२ च्या एप्रिलमध्ये, सर दोराबजींनी पत्नीच्या स्मरणार्थ लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट या नावाचा स्वतंत्र न्यास स्थापन केला. त्यानंतर पत्नीच्या प्रथम पुण्यतिथीस तिच्या समाधीचे दर्शन घ्यावे म्हणून ते इंग्लंडकडे निघाले. परंतु वाटेत जर्मनीत ३ जून १९३२ रोजी त्यांचेही देहावसान झाले. पुण्यतिथीस अवघे पंधरा दिवस उरले होते. लंडनजवळच्या ब्रुकवुड येथे दोघे शेजारी शेजारी विसावले आहेत.

स्मारक म्हणून पुतळा, धर्मशाळा किंवा पाणपोई उभारण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती ठेवण्याची प्रथाही आता सर्वपरिचित झाली आहे. मग या निधीचा विचार निराळा का करावयाचा? त्याचे उत्तर न्यासाच्या अटींत आहे.

चार पंचमांश जगासाठी

निधीच्या उत्पन्नाचे पाच भाग कल्पावेत. त्यांपैकी चार भाग ल्यूकेमियावरील संशोधनासाठी असून ते जगातील कोणत्याही देशाच्या संशोधकास देता येतात. या आंतरराष्ट्रीय शिष्यवृत्त्यांची निवड शास्त्रज्ञांच्या सल्लागार समितीमार्फत लंडनहून होत आली आहे. उरलेला एक भाग भारतातील संशोधनासाठी राखून ठेवलेला आहे. मात्र त्याला ल्यूकेमियाचे बंधन नाही. रोगामुळे माणसाच्या वाट्याला येणारे दुःख ज्यामुळे हलके होईल, असे कोणतेही शास्त्रीय संशोधन त्यात बसू शकते.

ही विभागणी प्रथम वाचणाऱ्यास खटकते. १९३२ साली देश परतंत्र आणि दरिद्री होता. हिवताप, क्षय व पटकी यांनी दरवर्षी लक्षावधी माणसे दगावत होती. अशा वेळी मुंबईत कमावलेल्या पैशाचा एवढा मोठा वाटा परदेशांतील प्रयोगशाळांना का द्यावा, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. प्रस्तुत लेखकाच्याही मनात तो आला. पण थोडा विचार करता असे दिसते, की हा प्रश्न म्हणजेच विज्ञानधोरणाचा मूळ प्रश्न होय. पैसा मर्यादित असताना कोणत्या रोगाला प्राधान्य द्यावयाचे? आज ज्याचा उपयोग दिसत नाही अशा मूलभूत शोधासाठी किती खर्च करावयाचा? संशोधक आपलाच असावा, की जो सर्वांत योग्य असेल तो? आणि हे ठरवावयाचे कोणी, दात्याने, शासनाने की शास्त्रज्ञांनी? शिष्यवृत्तीच्या अटी लिहिणारा प्रत्येक दाता कळत-नकळत या प्रश्नांची उत्तरे देत असतो.

सर दोराबजींनी दिलेले उत्तर योग्य होते काय? ते पडताळून पाहण्यासाठी या रोगाच्या उपचारांचा इतिहास थोडक्यात पाहणे उद्बोधक ठरेल.

गिरणगावापासून बॉस्टनपर्यंत

ल्यूकेमियात अस्थिमज्जेत तयार होणाऱ्या पांढऱ्या पेशींची बेसुमार व सदोष वाढ होते आणि निरोगी रक्त तयार होण्यास जागाच उरत नाही. १९३२ साली क्ष-किरण आणि सोमलाचे द्रावण एवढीच साधने डॉक्टरांच्या हाती होती. त्यांनी जुनाट स्वरूपाच्या रोगात काही काळ आराम पडे. तीव्र स्वरूपाच्या रोगात, विशेषतः लहान मुलांच्या बाबतीत, काही आठवड्यांत किंवा महिन्यांत शेवट ठरलेला असे.

याच सुमारास आपल्या मुंबईत एक वेगळेच संशोधन चालले होते. डॉ. ल्यूसी विल्स या इंग्रज महिला डॉक्टर १९२८ मध्ये येथे आल्या. कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरीब स्त्रियांना गरोदरपणात होणारा गंभीर रक्तक्षय हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. या स्त्रियांच्या आहारात कशाची तरी उणीव असावी, असा त्यांचा कयास होता. यीस्टपासून बनविलेले 'मार्माइट' नावाचे साधे, स्वस्त खाद्य दिले असता या स्त्रियांचा रक्तक्षय बरा होतो, हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या खाद्यातील गुणकारी घटक पुढे फोलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. रक्तपेशींच्या वाढीस हे आम्ल आवश्यक असते.

आता ही कथा अमेरिकेत जाते. आंध्रातील भीमवरम येथे जन्मलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव हे लेडरले कंपनीच्या प्रयोगशाळेत संशोधनप्रमुख होते. त्यांच्या सहकाऱ्यांनी फोलिक आम्ल कृत्रिम रीतीने तयार केले आणि त्यापुढे जाऊन त्या आम्लाच्या कार्यात अडथळा आणणारी द्रव्येही बनविली. बॉस्टनमधील डॉ. सिडनी फार्बर यांना असे आढळले होते, की फोलिक आम्ल दिल्याने ल्यूकेमियाग्रस्त मुलांचा रोग उलट बळावतो. तेव्हा जे आम्ल पेशींना वाढविते, ते त्यांच्यापासून तोडावे, या विचाराने त्यांनी अमिनोप्टेरिन हे विरोधी द्रव्य वापरून पाहिले. १९४८ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार काही मुलांचा रोग प्रथमच औषधाने मागे हटला होता. तो परतला हे खरे. परंतु दार किलकिले झाले होते. अनेक औषधांच्या एकत्रित उपचारांमुळे आज या रोगाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात, चांगल्या रुग्णालयात वेळेवर दाखल झालेली बहुसंख्य मुले बरी होऊन शाळेत जातात.

मुंबईतील गिरणी कामगार स्त्रीचा रक्तक्षय आणि बॉस्टनमधील मुलाचा ल्यूकेमिया यांचा संबंध असू शकेल, हे १९३१ साली कोणत्याही समितीला सांगता आले नसते. या साखळीचे श्रेय एखाद्याच निधीला देता येणार नाही. अनेक देशांतील अनेक हातांनी ती जोडली गेली. पण संशोधनाला देशाची सीमा घालणे किती अवघड आहे, हे तिच्यावरून कळते. जुन्या वैद्यांचा तो सोमलदेखील, बाद झाला असे वाटत असताना, विसाव्या शतकाच्या अखेरीस ल्यूकेमियाच्या एका विशिष्ट प्रकारावरील प्रभावी औषध म्हणून परत आला!

औषध सापडल्यानंतरचा प्रश्न

औषध सापडले म्हणजे काम संपले असे मात्र नाही. जुनाट ल्यूकेमियाच्या एका प्रकारावरील इमॅटिनिब या गोळीला २००१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आणि एका जीवघेण्या रोगाचे रूपांतर गोळ्या घेऊन सांभाळता येण्याजोग्या रोगात झाले. परंतु मूळ कंपनीच्या गोळीची किंमत आणि भारतीय कंपन्यांच्या गोळीची किंमत यांत अनेक पटींचा फरक होता. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थावर पेटंट न देता केवळ प्रक्रियेवर ते देण्याचे धोरण स्वीकारले होते. २००५ पासून ते बदलले, तरी जुन्या औषधात किरकोळ फेरबदल करून नवे पेटंट मिळविण्यास आळा घालणारे कलम ठेवण्यात आले. त्याच कलमाच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी इमॅटिनिबच्या सुधारित रूपावरील पेटंटचा दावा फेटाळला. रोग्याच्या घरी गोळी पोचली ती रसायनशास्त्राइतकीच या धोरणामुळे.

अशी धोरणे आखण्यासाठी आणि त्यांची चिकित्सा करण्यासाठीही शिक्षित माणसे लागतात. मेहेरबाई या भाभा घराण्यातील, डॉ. होमी भाभा हे त्यांचे भाचे. स्वतंत्र भारताने १९५८ साली जो विज्ञानधोरणविषयक ठराव स्वीकारला, त्यामागे पंडित नेहरूंबरोबर डॉ. भाभांचीही प्रेरणा असल्याचे मानले जाते. १९८३, २००३ आणि २०१३ मध्ये त्यात नव्या धोरणांची भर पडली. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठात विज्ञानधोरण हा १९६६ पासून संशोधनाचा स्वतंत्र विषय झाला; आपल्याकडे दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात त्याचे केंद्र आहे आणि पवईच्या आय.आय.टी.तही धोरण-अभ्यासाची सोय झाली आहे. तरीही आपल्या विज्ञान पदवीधराला हा विषय 'कलाशाखेचा' वाटतो, आणि कला पदवीधराला तो 'शास्त्राचा' वाटून भीती वाटते. प्रस्तुत लेखक दुसऱ्या वर्गातला असल्याने हे अनुभवाने सांगू शकतो. दोन्हींच्या मधल्या या विषयासाठी स्मृतिशिष्यवृत्त्या फार थोड्या आहेत. एखाद्या दात्याने तिकडे लक्ष दिले, तर त्याचे नाव सार्थपणे स्मरणात राहील, असे वाटते.

सर दोराबजींच्या संपत्तीतून परळला २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. त्या रुग्णालयाने पवईच्या आय.आय.टी.च्या सहकार्याने रोग्याच्याच रक्तपेशींत बदल करून त्या कर्करोगाशी लढविण्याची देशी उपचारपद्धती विकसित केली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते पवई येथे तिचे लोकार्पण झाले. काही प्रकारच्या ल्यूकेमियावर ती वापरली जाते.

संशोधनाची इच्छा असणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. लेडी टाटा निधी हा केवळ रक्ताच्या कर्करोगासाठी आहे असा सार्वत्रिक समज असल्याने क्षय, कुपोषण किंवा सर्पदंश यांवर काम करू इच्छिणारे जीवशास्त्राचे वा रसायनशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी अर्जच करीत नाहीत. वर सांगितल्याप्रमाणे भारतीय भागाला ते बंधन नाही. विषय, पात्रता आणि मुदत यांविषयीचे तपशील वेळोवेळी बदलतात. म्हणून जुन्या माहितीपत्रकावर विसंबून न राहता न्यासाची चालू वर्षाची जाहिरात पाहावी, आणि आपले संशोधन कोणत्या रोग्याचे दुःख कसे हलके करील, हे अर्जात आरंभीच साध्या शब्दांत लिहावे.