भाड्याच्या घराचा रंग : खर्च कोणाचा, काळजी कोणाची?

हैदराबादेत घर भाड्याने घेताना दोन महिन्यांचे भाडे ‘ॲडव्हान्स’ म्हणून घरमालकाकडे ठेवायचे आणि घर सोडताना त्यातून एक महिन्याचे भाडे ‘पेंटिंग’पोटी वजा करून उरलेली रक्कम परत घ्यायची, ही रीत आता इतकी रुळली आहे की तिच्याविषयी फारसे कोणी विचारीत नाही. घर दहा महिन्यांत सोडा की सहा वर्षांनी, भिंती स्वच्छ असोत की मुलांनी रंगखडूंनी चितारलेल्या असोत, वजावट ठरलेली. आपल्या मंडळाच्या सभासदांत भाडेकरू आहेत आणि घरमालकही आहेत. निवासी डॉक्टर असताना जे या वजावटीवर चडफडले, तेच आज दोन फ्लॅटचे मालक होऊन ती वजावट निर्विकारपणे करतात. तेव्हा हा विषय कोणा एका पक्षाची बाजू घेऊन मांडण्यापेक्षा मुळातून पाहिलेला बरा.

मुळात हा प्रश्न जुना नाही. सुलतान बाजार, बडी चावडी, काचीगुडा या भागांतील जुन्या घरांत आपली अनेक मराठी कुटुंबे ‘पोर्शन’ घेऊन राहिली. तेव्हा रंग म्हणजे चुना. भिजवलेला चुना, त्यात चिमूटभर नीळ आणि थोडा डिंक किंवा सरस. दसऱ्याच्या आधी एका रविवारी घरातल्या माणसांनी कुंचा हाती घेतला की संध्याकाळपर्यंत घर उजळत असे. खर्चच इतका किरकोळ की तो कोणी करायचा यावर वाद घालणे शोभले नसते. चुन्याचा आरोग्याच्या दृष्टीनेही एक गुण होता. ताजा चुना तीव्र अल्कधर्मी असल्याने त्यावर बुरशी सहजी धरत नाही. पुढे ऑइल-बाउंड डिस्टेंपर आला, मग प्लॅस्टिक इमल्शन आले, त्याखाली लांबी भरणे आले, आणि रंगकाम हे घरच्या माणसांचे काम न राहता कंत्राटदाराचे काम झाले. खर्च हजारांत गेला, आणि वाद सुरू झाला.

कायदा काय सांगतो? मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याच्या कलम १०८ मध्ये घरमालक व भाडेकरू यांची परस्परांविषयीची कर्तव्ये दिली आहेत. भाडेकरूने जागा जशी ताब्यात घेतली तशी परत करावी, मात्र वाजवी वापराने होणारी झीज त्यातून वगळावी, असा त्याचा आशय आहे. करारात वेगळे लिहिले असल्यास अर्थात करार चालतो, आणि आपल्याकडचे छापील करारनामे बहुधा वेगळेच लिहिलेले असतात. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्याने आणखी स्पष्टता आणली. त्याच्या परिशिष्टात देखभालीची वाटणीच करून दिली आहे. नळाचे वॉशर, स्विच, कुलपे, मोरीची सफाई ही भाडेकरूकडे. तर भिंतींची सफेदी आणि दारे-खिडक्यांचा रंग हे घरमालकाकडे. राज्याने तसा कायदा केल्याशिवाय हे बंधनकारक होत नाही हे खरे. परंतु न्याय्य वाटणी कोणती, याविषयी देशातील धोरणकर्त्यांचे मत काय पडले ते त्यातून कळते. ‘दारे-खिडक्या’ हे शब्द वाचकांनी लक्षात ठेवावेत. त्यांच्याकडे आपण परत येणार आहोत.

मला ही वाटणी पटते, आणि त्याचे कारण साधे अंकगणित आहे. समजा, एका फ्लॅटच्या रंगाला तीस हजार रुपये लागले आणि तो रंग पाच वर्षे टिकतो. म्हणजे महिन्याला पाचशे रुपयांचा रंग झिजतो. अकरा महिने राहिलेल्या भाडेकरूच्या वाट्याला साडेपाच हजारांची झीज येते, आणि तीही तो दरमहा देत असलेल्या भाड्यातून भरून निघालेलीच असते. त्याच्याकडून वीस हजारांचे एक महिन्याचे भाडे कापून घेतले, आणि पुढच्या व त्याच्याही पुढच्या भाडेकरूकडून तेच केले, तर एकाच रंगाचे पैसे दोनदा वसूल होतात. अकरा महिन्यांचा करार हा तर नोंदणी टाळण्यासाठी पडलेला प्रघात आहे. १९०८ च्या नोंदणी अधिनियमानुसार एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी करावी लागते, म्हणून अकरा. रंगाचे आयुष्य पाच वर्षे आणि कराराचे अकरा महिने, या दोहोंचा मेळ बसणार कसा?

याचा अर्थ भाडेकरूची जबाबदारीच नाही असे नव्हे. मुलाने दिवाणखान्याच्या भिंतीवर वर्णमाला लिहिली, दूरदर्शन संच टांगण्यासाठी आठ भोके पाडली, देवघरामागची भिंत उदबत्तीने काळी केली, तर तो खर्च भाडेकरूने आनंदाने द्यावा. मुलांनी भिंतीवर लिहू नये असे मी एक बालरोगतज्ज्ञ म्हणून तरी म्हणणार नाही, पण त्याचे बिल आईवडिलांनी भरावे. उलट, वरच्या मजल्याच्या न्हाणीघरातून पाझरणारी ओल, गच्चीची गळती, त्याने सुटलेले पोपडे ही घरमालकाची बाब. त्यावर नुसता रंग फासणे म्हणजे गळवावर पट्टी बांधणे होय. ओल्या भिंतीवरची बुरशी आणि दमेकरी मुलाची रात्रीची घरघर यांचा संबंध आपणां वैद्यक व्यावसायिकांना नव्याने सांगायला नको. पुण्या-नागपुरात घरे असलेल्या सभासदांनी हेही ध्यानात ठेवावे, की महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार जागा राहण्यायोग्य ठेवणे हे घरमालकाचे कर्तव्य आहे. त्याने ते टाळल्यास भाडेकरू किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊन स्वतः दुरुस्ती करवून घेऊ शकतो आणि वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांश मर्यादेपर्यंत खर्च भाड्यातून वळता करू शकतो.

येथवर प्रश्न पैशांचा होता. माझ्या दवाखान्यात तो निराळ्या रूपाने येतो.

काही वर्षांपूर्वी दोन वर्षांची एक मुलगी फिकटपणासाठी माझ्याकडे आली. आईवडील तरुण, एका जुन्या इमारतीत भाड्याने राहणारे. रक्तात लोहाची कमतरता होती. लोहाचे औषध नियमित देऊनही हिमोग्लोबिन अपेक्षेप्रमाणे वाढेना. माती खाते का, असे विचारता आई म्हणाली, “माती नाही हो डॉक्टर, पण खिडकीच्या चौकटीला तोंड लावून उभी असते.” पलंग खिडकीशी होता आणि चौकटीचा हिरवा तैलरंग खपल्या खपल्यांनी सुटत होता. रक्तातील शिसे तपासले, ते बरेच वाढलेले निघाले. घरमालकाचे म्हणणे, आतले रंगकाम ज्याचे त्याने करावे. भाडेकरूचे म्हणणे, दुसऱ्याच्या खिडकीवर आपण का खर्च करावा. या वादात दोन पावसाळे गेले होते. अखेर पलंग हलवला, चौकटीवर पुठ्ठा ठोकला आणि चार महिन्यांनी त्या कुटुंबाने घरच बदलले. ॲडव्हान्समधून प्रथेप्रमाणे एक महिन्याचे भाडे कापले गेले. शेजारणीकडून त्या बाईंना पुढे कळले, की भिंतींना छान फिकट पिवळा रंग दिला. खिडकी मात्र तशीच आहे.

ही गोष्ट अपवादात्मक वाटेल, परंतु वैद्यकाच्या इतिहासात ती शंभर वर्षांहून जुनी आहे. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डॉ. जेफरिस टर्नर यांना मुलांत शिसेबाधेचे रुग्ण आढळू लागले, आणि १९०४ मध्ये डॉ. लॉकहार्ट गिब्सन यांनी त्याचे मूळ व्हरांड्याच्या कठड्यांवरील व खोल्यांच्या भिंतींवरील रंगात असल्याचे दाखवून दिले. आपल्याकडे घराच्या रंगातील शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत ९० भाग अशी ठरवणारे नियम १ नोव्हेंबर २०१६ रोजी अधिसूचित झाले आणि एक वर्षाने अमलात आले. तोपर्यंत जे तैलरंग लावले गेले, ते अनेक घरांत आजही नव्या थराखाली आहेत. पाण्यात मिसळायच्या भिंतीच्या रंगांत शिसे सहसा फारसे नसे. ते असे चमकदार तैलरंगांत, विशेषतः पिवळ्या, नारिंगी आणि हिरव्या छटांत. जुन्या लोखंडी गजांवरील अस्तरात तर कित्येकदा शेंदूरच असे, आणि शेंदूर म्हणजे शिशाचेच ऑक्साइड. भांडण भिंतींवरून होते, आणि धोका बहुतेक वेळा दारे, खिडक्या आणि गजांवर असतो, तो असा.

मूल पोटात गेलेल्या शिशापैकी चाळीस ते पन्नास टक्के शोषून घेते. प्रौढात हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास असते. शरीरात लोह कमी असेल तर शोषण आणखी वाढते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) तेलंगणातील पाच वर्षांखालील सत्तर टक्के मुलांत रक्तक्षय आढळला, हे येथे आठवावे. अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्राने दखल घेण्याची पातळी २०१२ मध्ये डेसिलिटरमागे दहावरून पाच आणि २०२१ मध्ये साडेतीन मायक्रोग्रॅमवर आणली. निर्धोक म्हणावी अशी पातळी कोणतीच नाही. लोह देऊनही न वाढणारे हिमोग्लोबिन आणि नको ते तोंडात घालण्याची सवय एकत्र दिसली, की आपण सहव्यावसायिकांनी एकदा त्या घराची खिडकी विचारावी.

इतर देशांनी हा तिढा कसा सोडवला, तेही पाहण्यासारखे आहे. जर्मनीत भाडेकरूने रंगरंगोटी करावी अशी कलमे करारात सर्रास असत; तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये निर्णय दिला, की घर न रंगवता आणि योग्य मोबदला न देता ताब्यात दिले असेल तर असे कलम भाडेकरूवर लादता येत नाही. न्यूयॉर्क शहरात सदनिकांच्या इमारतींत दर तीन वर्षांनी रंग देणे घरमालकावर बंधनकारक आहे. शिवाय २००४ च्या स्थानिक कायद्यानुसार जुन्या इमारतींच्या मालकाने दरवर्षी भाडेकरूला लेखी विचारायचे असते, की घरात सहा वर्षांखालील मूल आहे काय? असल्यास सुटलेला रंग मालकाने दुरुस्त करायचा. आपल्याकडे घर देताना मांसाहार करता का, पाहुणे किती येतात, हे सारे विचारले जाते. हा प्रश्न तेवढा राहतो.

म्हणून माझे मत असे, की रंग घरमालकाने द्यावा, आणि तो दोन भाडेकरूंच्या मधल्या रिकाम्या आठवड्यात द्यावा. याला केवळ न्यायाचे नव्हे, वैद्यकीयही कारण आहे. राहत्या घरात पॉलिशपेपरने कोरडे घासकाम झाले की जुन्या रंगाची धूळ गादीवर, खेळण्यांवर आणि जमिनीवर बसते, आणि रांगते मूल ती तळहातांनी गोळा करते. पुष्कळदा रंगाची खपली खाण्यापेक्षाही ही धूळ अधिक बाधते. मूल असलेल्या घरात काम करणे भागच असेल, तर मूल व गर्भवती स्त्री यांनी ते दिवस अन्यत्र राहावे. जुना तैलरंग पाणी मारून ओलाच खरवडावा, ज्योतीने जाळून काढू नये. खपल्या पिशवीत भराव्यात. आणि जमीन झाडून न काढता ओल्या फडक्याने दोनदा पुसावी. रंगाऱ्यालाही मुखपट्टी द्यावी, त्याच्याही घरी मुले असतात.

करारात दोन ओळी वाढवल्या तर बरेच निभावेल. घर देताना भिंती, दारे, खिडक्या व गज यांची छायाचित्रे दोघांनी सही करून ठेवावीत. आणि ‘पेंटिंग’ची सरसकट वजावट न करता नुकसानीपुरतीच रक्कम, रंगाच्या उरलेल्या आयुष्याच्या प्रमाणात, पावती दाखवून कापावी. ज्यांचे फ्लॅट या उन्हाळ्यात रिकामे होणार आहेत, त्या सभासदांनी रंगाऱ्याला बोलावल्यावर आधी खिडक्या दाखवाव्यात आणि मग भिंती.