जुडी : मजुरीवर बसवलेला कर

करबंदीचा सत्याग्रह म्हटला की माझ्या वर्गातले हात भराभर वर होतात. दांडी, मीठ, 1930! मी कल्याणच्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. शहापूर-मुरबाडकडची पुष्कळ मुले असतात. ‘जुडी’ म्हणजे काय, असे विचारले की सारा वर्ग गप्प. महार वतनदारांची नातवंडे-पतवंडेही गप्प. माझ्या घराण्यात पहिला पदवीधर मी. मलाही हा शब्द पाठ्यपुस्तकाने दिला नाही, आजोबांनी दिला.

वतनदार महाराने सरकारी टपाल पोचवायचे, अंमलदाराच्या दिमतीला राबायचे, गावचा वसूल तालुक्याला न्यायचा. बाप आजारी असेल तर पोराने जायचे. 1874 च्या वतन कायद्याने ही चाकरी वंशपरंपरेने बांधून टाकलेली. तिजोरीतून पगार नाही. मोबदला काय, तर जमिनीचा एक तुकडा आणि गावाच्या मर्जीवर लोंबकळणारे बलुते. चाकरी घेतो म्हणून सरकार त्या तुकड्यावर पूर्ण सारा न घेता कमी आकार घेई, तीच जुडी. म्हणजे जमीन हीच मजुरी होती. मग जुडी वाढवणे याचा अर्थ काय? काम तेवढेच ठेवून मजुरी कापणे! मिठाच्या करापेक्षा हा अन्याय मला अधिक निर्लज्ज वाटतो. मीठकर निदान सर्वांवर होता; हा जातीने नेमलेल्या वेठबिगारावर होता.

बाबासाहेबांनी 19 मार्च 1928 रोजी मुंबई कायदेमंडळात मांडलेले वतन विधेयक आपल्या कार्यकर्त्यांनी मुळातून वाचावे. ज्याला चाकरी नको त्याला मोकळे करा, तो रयतेप्रमाणे पूर्ण सारा भरून जमीन ठेवील, अशी त्यात तरतूद होती. फुकट काही मागितले नव्हते. विरोध कराला नव्हता, वेठीला होता. 1929 मध्ये विधेयक मागे घ्यावे लागले. पुढे 16 डिसेंबर 1939 ला हरेगावला वतनदारांची परिषद भरली, आणि 16 ऑगस्ट 1941 ला सिन्नरच्या परिषदेतून वाढीव आकारणी न भरण्याची हाक दिली गेली. शस्त्र एकच : न देणे.

1958 च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने गेली. जमिनी परत मिळाल्या त्या नव्या शर्तीवर, विकायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी अशा. कल्याण-डोंबिवलीभोवती इमारती उठत असताना असा सातबारा घेऊन विद्यार्थी येतात, ‘सर, हे महार वतन म्हणजे काय?’ म्हणून विचारतात. मी जुडीपासून सुरुवात करतो.