शहराच्या कडेची जमीन आणि मंजुरीचा भरंवसा

ज्यांचीं शेतें वाढत्या शहराच्या कडेस आलीं आहेत, त्यांच्या दारीं हल्लीं दोन प्रकारचे लोक येतात. एक म्हणतो, "तुमची जमीन हिरव्या पट्ट्यांत आहे, तिला भाव नाहीं, मिळेल तें घ्या." दुसरा म्हणतो, "पट्टा लवकरच उठणार, आजच माझ्याशीं करार करा." पुष्कळदां हे दोघेहि एकाच माणसाचे दलाल असतात. जमिनीच्या वापराची मंजुरी कोण देतो, ती कोणत्या पायरीवर फिरते आणि फिरली म्हणजे नुकसान कोणाच्या अंगावर येतें, हें ज्यास ठाऊक नाहीं तो या दोघांपैकीं एकाच्या हातीं सांपडतोच. नुसतीं कलमें वाचून हा विषय उमगत नाहीं. म्हणून वसई-विरारचें उदाहरण घेतों.

मुंबईच्या उत्तरेस, वसईच्या खाडीपलीकडील हा मुलूख केळी, पानवेली, फुलें व भाजीपाला यांचा. येथील वाळविलेलीं सुकेळीं प्रसिद्ध आहेत. पश्चिम रेल्वेची लोकल गाडी विरारपर्यंत जात असल्यामुळें मुंबईंत घर न परवडणारा माणूस इकडे वळला, आणि 1980 नंतरच्या दशकांत जमिनीस जो भाव आला त्याचा केळीच्या उत्पन्नाशीं कांहींच मेळ राहिला नाहीं. विहिरींचें पाणी टँकरनें विकलें जाऊं लागलें. समुद्राजवळची विहीर फार उपसली कीं खारें पाणी आंत येतें, हें बागाइतदारास सांगावयास नको. या साऱ्याविरुद्ध 1989 च्या सुमारास फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकारानें हरित वसईची चळवळ उभी राहिली. पट्टा राखावा म्हणणारा आणि पट्टा उठवावा म्हणणारा हे कोणत्याहि गांवीं एकाच बांधावरचे शेजारी असूं शकतात. एकाची बाग पाण्यावर उभी असते, दुसऱ्याचें शेत पडीक असून मुलें नोकरीस गेलेलीं असतात. राजकारण शिरतें तें याच बांधावरून.

1990 सालीं शासनानें या भागासाठीं सिडको या मंडळास विशेष नियोजन प्राधिकरण नेमलें. त्या मंडळानें केलेल्या विकास योजनेस शासनाची मंजुरी मिळाली ती फेब्रुवारी 2007 मध्यें. मधल्या सतरा वर्षांत लोकवस्ती थांबली नाहीं. थांबली ती केवळ कागदावरील व्यवस्था. पुढें जुलै 2009 मध्यें चार नगरपालिका व भोंवतालचीं गांवें मिळून महानगरपालिका झाली. अनेक गांवांस ती नको होती. 2011 सालीं 29 गांवें वगळण्याचा निर्णय शासनानें घेतला, तो उच्च न्यायालयांत गेला, आणि वाद दहा वर्षांहून अधिक काळ चालला. ज्या गांवचा कारभार कोणाकडे हेंच ठरत नाहीं, तेथील बांधकाम परवानगीवर कोणाची सही ग्राह्य, हा प्रश्न शेतकऱ्यास किती महाग पडत असेल, याची कल्पना करावी.

आतां योजना कशी होते तें पाहूं. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 प्रमाणें नियोजन प्राधिकरण प्रथम योजना करण्याचा इरादा जाहीर करतें, जमिनीच्या चालू वापराचा नकाशा करतें, व नंतर प्रारूप योजना प्रसिद्ध करतें. या वेळीं कलम 26 खालीं हरकती व सूचना मागवितात, त्यांची मुदत तीस दिवसांची असते. हरकती नियोजन समिती ऐकते. तींत स्थायी समितीचे निवडलेले सभासद व नगररचनेचे जाणकार असे दोनहि असतात. शेवटची मंजुरी कलम 31 खालीं शासनाची. शासन मंजुरीच्या वेळीं फेरबदल करूं शकतें, आणि मंजुरीनंतरहि कलम 37 खालीं दुरुस्ती होऊं शकते. म्हणजे नकाशावरील रंग बदलण्याच्या निदान चार जागा आहेत, व त्या चारहि जागीं वजनदार माणसाचा हात पोहोंचतो. साध्या खातेदाराचा हात कायद्यानें पोहोंचतो तो मुख्यत्वें एकाच जागीं, हरकतीच्या तीस दिवसांत. तेवढे दिवस पेरणींत किंवा लग्नसराईंत घालविणें म्हणजे आपली बाजू आपणच सोडून देणें होय. हरकत लेखी असावी, तींत गट नंबर, सातबारा व नकाशाची प्रत जोडावी, पोंच घ्यावी, आणि सुनावणीस स्वतः जावें.

प्रारूप म्हणजे मंजुरी नव्हे, ही गोष्ट पुण्याकडील शेतकऱ्यांस चांगलीच कळली आहे. पुणें महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची प्रारूप योजना 2021 सालीं प्रसिद्ध झाली, हजारों हरकती आल्या, आणि 2025 सालीं शासनानें ती योजनाच रद्द केली. मधल्या चार वर्षांत प्रारूपाचा रंग पाहून ज्यांनीं विसार घेतले किंवा दिले, त्यांच्या हातांत काय उरलें?

आरक्षणाची गोष्ट निराळी. शाळा, रस्ता, बगीचा, मैला-शुद्धीकरण यांसाठीं योजनेंत जमीन राखून ठेवतात. जमीन मालकाचीच राहते, परंतु तिचा दुसरा उपयोग करतां येत नाहीं. अंतिम योजना अंमलांत आल्यापासून दहा वर्षांत संपादन झालें नाहीं, तर कलम 127 प्रमाणें मालकी हक्काच्या कागदांसह नोटीस द्यावी. 2015 च्या दुरुस्तीनंतर प्राधिकरणास चोवीस महिन्यांचा अवधि आहे. तेवढ्यांत संपादनाची पावलें न पडल्यास आरक्षण व्यपगत होतें. नुसता सभेंतील ठराव म्हणजे पाऊल नव्हे, असें सर्वोच्च न्यायालयानें 2007 सालीं गिरनार ट्रेडर्सच्या दाव्यांत ठरविलें. आरक्षण आपोआप सुटतें अशी समजूत मात्र चुकीची आहे. नोटीस दिलीच पाहिजे.

हा मार्ग न धरतां आरक्षित जमिनीवर इमारती उठल्या म्हणजे काय होतें, तें नालासोपाऱ्यांत दिसलें. सुमारें 60 एकर जमीन मंजूर योजनेंत मैला-शुद्धीकरण केंद्र व कचराभूमीसाठीं राखलेली होती. तिच्यावर 41 इमारती उभ्या राहिल्या, घरें विकलीं गेलीं, लोक राहावयास आले. जुलै 2024 मध्यें उच्च न्यायालयानें त्या पाडण्याचा हुकूम दिला, आणि फेब्रुवारी 2025 पर्यंत सर्व पाडण्यांत आल्या. अडीच हजारांच्या आसपास कुटुंबें उघड्यावर आलीं. वीज, नळ व घरपट्टीची पावती मिळाली म्हणजे बांधकाम कायदेशीर झालें, असें दलाल सांगतो. घरपट्टी भरल्यानें बेकायदा बांधकाम कायदेशीर होत नाहीं. शेजारच्या कल्याण-डोंबिवलींत तर 65 इमारतींस बनावट बांधकाम परवानग्या दाखवून स्थावर संपदा प्राधिकरणाकडे नोंदणी मिळविल्याचें उघडकीस आलें, व 2024 च्या नोव्हेंबरांत त्याहि पाडण्याचा हुकूम झाला. तेव्हां परवानगीची प्रत कोणी दाखविली तरी तिचा जावक क्रमांक घेऊन नगररचना कार्यालयांत स्वतः पडताळून पाहावी. एक दिवस मोडतो, पण जमीन वांचते.

भरावाविषयींहि येथेंच सांगतों. जुलै 2018 मध्यें वसई-विरार कित्येक दिवस पाण्यांत होतें. सखल जमिनीवर व ओढ्यांत भराव पडला कीं पाणी शेजाऱ्याच्या शेताकडे वळतें. शेजारच्या गटांत मातीच्या गाड्या येऊं लागल्या, कीं भिंत उठण्याची वाट न पाहतां तहसीलदाराकडे व प्राधिकरणाकडे लेखी तक्रार द्यावी.

जमीन देऊन बांधलेल्या घरांत वांटा घेण्याची पद्धत आतां सर्वत्र आहे. तींत प्रथम आपलीच जमीन पाहावी: सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 2 असेल, किंवा कुळकायद्याच्या कलम 43 ची अट असेल, तर परवानगीवांचून करार पुढें जात नाहीं. नगररचना कार्यालयाचा झोन दाखला व योजनेचा भाग नकाशा हे दोन कागद दलालाकडून न घेतां आपण मागवावे. 2017 सालीं महसूल संहितेंत घातलेल्या कलम 42-ब मुळें, अंतिम योजनेंत जो वापर ठरला आहे त्यासाठीं बिनशेतीची निराळी परवानगी लागूं नये अशी सोय झाली. परंतु आकार भरल्यावांचून ती सवलत मिळत नाहीं, आणि बांधकामाची परवानगी तर वेगळीच घ्यावी लागते.

आणखी एक गोष्ट पुष्कळांस माहीत नसते. इमारतींतील घरांचा किंवा विक्रीच्या पैशांचा वांटा घेणारा जमीनमालक डिसेंबर 2017 पासून महाराष्ट्रांत सहप्रवर्तक समजला जातो. घर घेणाऱ्याचें पुढें नुकसान झालें तर बांधणाऱ्याबरोबर त्याचेंहि नांव येऊं शकतें. म्हणून करारांत मंजुरी न मिळाल्यास किंवा पट्टा न बदलल्यास जमीन किती महिन्यांत विनाअट परत, विसार कोणाचा, दंड कोणावर, हें आंकड्यांसह लिहून घ्यावें. कुलमुखत्यारपत्र देणेंच झालें, तर तें परवानग्या मिळविण्यापुरतें द्यावें. विक्रीचा व गहाणाचा अधिकार बांधकाम प्रारंभाचा दाखला हातीं येईपर्यंत देऊं नये.