साइटवरचा पहिला दिवस

नाक्यावरून टेम्पोत बसलेला कामगार नऊला गेटवर उतरतो आणि दहाच्या सुमारास सातव्या मजल्यावर घमेली वाहू लागतो. मधल्या तासाभरात त्याच्या आधार कार्डाची झेरॉक्स निघते, हेल्मेट हातात पडते आणि सुरक्षेची माहिती मिळाल्याच्या रजिस्टरवर अंगठा उमटतो. माहिती मात्र कोणी दिलेली नसते. आपल्याकडच्या बहुतेक लहान-मध्यम साइटवर हे असेच चालते आणि ते बदलणे फार खर्चाचे नाही.

नवा म्हणजे कोण?

वीस वर्षे गवंडीकाम केलेला माणूसही या साइटला नवाच असतो. कोणती डक्ट उघडी आहे, कोणत्या जिन्याला कठडा नाही, क्रेनचा भार कुठून फिरतो, हे त्याला ठाऊक नसते. शिवाय साइट रोज बदलते. काल भरीव असलेल्या जागी आज भोक असते. म्हणून बिगारी, फिटर, सेंटरिंगवाला, रंगारी, लिफ्ट बसवणारा, सगळ्यांनाच ही ओळख हवी. दोन दिवसांसाठी आलेल्यालाही हवी.

सांगायचे कोणी आणि कोणत्या भाषेत?

1996 च्या बांधकाम कामगार कायद्याने 500 किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी सुरक्षा अधिकारी बंधनकारक केला. नव्या श्रमसंहितेत बांधकामासाठी हा आकडा 250 आहे. पुनर्विकासाच्या सात मजली इमारतीवर चाळीस-पन्नास माणसे असतात, म्हणजे तिथे हे काम साइट इंजिनिअर आणि मुकादमावरच येते. मुकादम त्यासाठी योग्यही असतो, कारण तो बहुधा कामगारांच्याच गावाकडचा असतो. झारखंड, ओडिशा, पश्चिम बंगालमधून आलेल्या माणसाला भराभर हिंदीत नियम वाचून दाखवले आणि ‘समझ गया?’ विचारले, तर तो हो म्हणणारच. रोजगार जाईल या धास्तीने म्हणणार. त्यापेक्षा त्याला साइटवर फिरवावे, जागा दाखवाव्यात आणि शेवटी त्यालाच विचारावे: खाली उतरायची वाट कुठली? पट्टा अडकवून दाखव. अर्धा तास पुरतो.

कडा आणि भोके

बांधकामावर माणसे सर्वाधिक मरतात ती उंचीवरून पडून. त्यातही भोकावर टाकलेल्या प्लायवुडचा धोका नव्या माणसाला हमखास सांगावा. ‘तो प्लाय घेऊन ये’ म्हटल्यावर तो दोन्ही हातांनी प्लाय उभा उचलतो. समोरचे दिसेनासे होते, तो एक पाऊल पुढे टाकतो आणि त्याच भोकातून खाली जातो. झाकण खिळे मारून पक्के केलेले हवे आणि त्यावर लाल रंगाने खूण हवी. खूण असलेला प्लाय कोणी सांगितले तरी हलवायचा नाही, हे वाक्य त्याच्याकडून वदवून घ्यावे. लिफ्टच्या खड्ड्याजवळचा कठडा माल चढवायला काढला, तर माल आत आल्याबरोबर परत लागलाच पाहिजे.

पट्टा अडकवायचा कुठे?

सेफ्टी बेल्ट घालून हुक हवेत लोंबकळणारी माणसे आपण सगळेच पाहतो. पट्टा नुसता कमरेचा नको, पूर्ण अंगाचा हवा आणि हुक डोक्याच्या वरच्या पक्क्या आधाराला हवा. परांचीच्या सैल पाइपला किंवा सेंटरिंगच्या फळीला अडकवलेला हुक माणसाचे वजन पेलणार नाही. दोरी, झटका शोषताना उलगडणारी पट्टी आणि माणसाची उंची धरली, तर पायाखालीच हुक लावलेल्याला पाच-साडेपाच मीटर मोकळी जागा लागते. एक मजला असतो साधारण तीन मीटरचा. म्हणजे तो पट्ट्यासकट जमिनीवर आपटणार. वाचून लोंबकळत राहिलेल्याला काही मिनिटांत खाली घ्यावे लागते, नाहीतर पायांत रक्त साचून त्याची शुद्ध हरपते. त्याला कोण आणि कशाने उतरवणार, हे काम सुरू होण्याआधी ठरलेले असावे.

खड्डा, टाकी, जाळी

एक घनमीटर माती दीड ते दोन टन भरते. छातीपर्यंत गाडलेल्या माणसालाही श्वास घेता येत नाही. दीड मीटरपेक्षा खोल खड्ड्याला बाजूंनी आधार आणि चढायला शिडी हवी. उपसलेली माती काठापासून किमान दीड मीटर दूर हवी. पाण्याच्या बंद टाकीचे सेंटरिंग काढायला उतरलेला माणूस प्राणवायू कमी असल्याने कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही कोसळतो. हवा तपासल्याशिवाय कोणी उतरायचे नाही, वाचवायलासुद्धा नाही.

सळयांची उभी जाळी निर्जीव वाटते, पण तिचे वजन टनांत असते. पुण्यात येरवड्याला फेब्रुवारी 2022 मध्ये रात्रीच्या कामात अशीच जाळी कोसळून 5 कामगार गेले.

वीज आणि सिमेंट

उघड्या वायरी सॉकेटमध्ये काडीने खोचायच्या नाहीत. 30 मिलिअँपिअरला तुटणारा सुरक्षा स्विच पॅनेलमध्ये असावा आणि त्याचे चाचणीचे बटण मुकादमाने सर्वांसमोर दाबून दाखवावे.

ओले सिमेंट कातडी जाळते. सुरुवातीला दुखत नाही, म्हणून गमबुटात शिरलेला माल दिवसभर तसाच राहतो आणि संध्याकाळी जखम दिसते. लागल्या लागल्या भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यात गेले तर पंधरा-वीस मिनिटे धूत राहावे आणि मग डॉक्टरकडे न्यावे.

झोपायची जागा

ही बाब सुरक्षेच्या यादीत क्वचितच असते. 29 जून 2019 ला मध्यरात्र उलटल्यावर पुण्यात कोंढव्याला पावसात संरक्षक भिंत कामगारांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली आणि लहान मुलांसह 15 जण मेले. ते कामावर नव्हते, झोपेत होते. खोल्या भिंतीलगत किंवा खोदाईच्या काठावर नकोत. कुटुंब सोबत असेल तर बायको-मुलांनाही साइट कुठपर्यंत मोकळी आहे ते दाखवावे.

थांबण्याचा हक्क

पहिल्या दिवशी ठेकेदाराने सर्वांसमोर सांगावे: जागा धोक्याची वाटली तर काम थांबवा आणि मला बोलवा, हजेरी कापली जाणार नाही. पुढे कोणी खरेच थांबला, तर हजेरी कापू नये. एकदा जरी कापली, तरी संध्याकाळपर्यंत सगळ्या खोल्यांत ते कळते आणि मग कोणी तोंड उघडत नाही.

नोंदी

गेटवरच्या रजिस्टरमध्ये नाव, रक्तगट, गावाकडचा फोन आणि कामावर आल्याची तारीख लिहावी. जवळचे रुग्णालय आणि 108 हा क्रमांक नव्या माणसाकडून पाठ करून घ्यावा. तारखेचा आणखी एक उपयोग आहे. बांधकाम खर्चावरच्या एक टक्का उपकरातून चालणाऱ्या राज्याच्या कल्याणकारी मंडळात 18 ते 60 वयाच्या कामगाराला नोंदणी करता येते. त्यासाठी मागच्या वर्षभरात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. रजिस्टर पहिल्या दिवसापासून नीट ठेवले असेल, तर त्या दाखल्यासाठी त्याला ठेकेदाराच्या दारी खेटे घालावे लागत नाहीत.