शिट्टी कुणाची, घरघर कुणाची?

मराठीच्या प्राध्यापकाने मोटारीवर लेख लिहावा, हे पाहून आमच्या महाविद्यालयातले विज्ञान शाखेचे सहकारी हसतील, हे मला ठाऊक आहे. यंत्राशी माझा संबंध आजवर ‘यंत्र’ या शब्दाच्या व्युत्पत्तीपुरताच होता. पण या पावसाळ्यात आमच्या गाडीने असा काही सूर लावला, की चार महिने आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. त्या चार महिन्यांत मी जे शिकलो, ते गाडी बाळगणाऱ्या कोणत्याही कुटुंबाच्या उपयोगी पडेल, म्हणून हा खटाटोप.

माझ्या आईच्या डोळ्यांच्या पडद्यावर उपचार चालू आहेत. त्यासाठी महिन्यातून एकदा तिला नाशिकहून मुंबईला न्यावे लागते. पूर्वी हा प्रवास म्हणजे कसाऱ्याचा घाट आणि मालमोटारींची रांग. आता ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाल्यापासून आम्ही इगतपुरीला त्या रस्त्याला लागतो. सुमारे आठ किलोमीटरच्या जुळ्या बोगद्यातून डोंगर पार होतो आणि घाट बाजूला राहतो. आई मागच्या आसनावर, तिच्या शेजारी आमची नववीतली कन्या, पुढे सौ. आणि चाकावर मी, अशी आमची स्वारी निघते.

जूनमधल्या फेरीला पाथर्डी फाटा मागे पडला, गाडीने वेग घेतला आणि कन्या एकदम म्हणाली, “बाबा, शिट्टी कोण वाजवतंय?”

आम्ही कान दिले. खरेच, बारीक, टोकदार आवाज येत होता. दातावर खडू घासावा तसा. वेग कमी केला की बंद, वाढवला की पुन्हा सुरू. सौ. म्हणाल्या, “अहो, मला तर डोकं दुखायला लागलं.” फक्त आई शांत होती.

“आई, तुला नाही का ऐकू येत?”

“शिट्टी? नाही बाई. पण मघापासून रिकामं जातं कोण ओढतंय, ते सांगा.”

आम्ही तिघेही हसलो. बोगद्यात शिरल्यावर आई पुन्हा म्हणाली, “बघ, आता तर चांगलंच घरघरतंय.” मी म्हणालो, “आई, बोगद्यात सगळंच घरघरतं.” ते हसणे आणि ते उत्तर, दोन्हींची आज मला लाज वाटते. का, ते पुढे कळेल.

परत आल्यावर मी गाडी घेऊन एका गॅरेजात गेलो. तिथल्या माणसाने चाकांकडे पाहिले आणि निकाल दिला, “टायर आवाज करतायत, साहेब. चारही बदला.” टायर निम्मेअधिक झिजलेले होतेच, बदलले. जुलैच्या फेरीला शिट्टी नव्या टायरांसह वाजू लागली. दुसऱ्या गॅरेजात सांगण्यात आले की गिअरबॉक्स उतरवावा लागेल. तो आकडा ऐकून मी घरी परतलो आणि रात्री सौ.ना सांगितले, की शिट्टी सहन करायची सवय लावून घेऊ.

शेवटी शेजाऱ्यांनी एका वृद्ध मिस्त्रींचे नाव सुचवले. सातपूरच्या एका कारखान्यात तीस वर्षे यंत्रांची देखभाल केलेला हा गृहस्थ निवृत्तीनंतर घराच्या अंगणात चार ओळखीच्या गाड्या पाहतो. मी त्यांना शिट्टीचे वर्णन करू लागलो. प्राध्यापकाचे वर्णन, उपमा-उत्प्रेक्षांना तोटा नव्हता. त्यांनी पाच मिनिटे ऐकून घेतले आणि म्हणाले,

“सर, आवाज कसा आहे ते राहू द्या. तो केव्हा येतो आणि केव्हा जातो, तेवढं सांगा.”

मी गप्प झालो. मला ते सांगता येईना. चार महिन्यांतले दोन महिने मी त्या आवाजावर चिडलो होतो. त्याच्याकडे एकदाही नीट लक्ष दिले नव्हते!

मग त्यांनी मला समजावले. चालत्या गाडीतला आवाज तिघांपैकी कुणाच्या तरी तालावर चालतो: इंजिनाच्या, चाकांच्या नाहीतर वाऱ्याच्या. इंजिनाच्या तालावर चालणारा आवाज गिअर बदलला की बदलतो, मग रस्त्यावरचा वेग तोच का असेना. पट्टा, वीज तयार करणारा अल्टरनेटर यांचे आवाज या घरातले. चाकांच्या तालावर चालणाऱ्या आवाजाला गिअरशी कर्तव्य नसते. तो गाडीच्या वेगाबरोबर चढतो-उतरतो. टायर आणि चाकांची बेअरिंगे या घरातली. त्यातही टायरचा आवाज रस्ता बदलला, डांबर जाऊन सिमेंट आले, की बदलतो. बेअरिंगचा बदलत नाही. आणि गिअरच्या दात्यांचा आवाज पायाशी बांधलेला असतो. ॲक्सिलरेटर दाबला की एक, सोडला की दुसरा. रिव्हर्स गिअरमध्ये अनेक गाड्या किंचाळतात, ते याच जातीचे. पुढे जाणाऱ्या गिअरांचे दाते तिरपे कापलेले असतात म्हणून ते सहसा गुपचूप चालतात, रिव्हर्सचे बहुधा सरळ असतात म्हणून ओरडतात.

हे ऐकता ऐकता मला माझाच वर्ग आठवला. प्रयोग ओळखायला मी मुलांना काय शिकवतो? क्रियापद कुणाप्रमाणे बदलते ते पाहा. कर्त्याप्रमाणे बदलले तर कर्तरी, कर्माप्रमाणे बदलले तर कर्मणी, कुणालाच जुमानत नसेल तर भावे. वाक्य कसे वाटते यावरून प्रयोग ओळखायचा नसतो. एक पद बदलायचे आणि क्रियापद हलते का ते पाहायचे. वीस वर्षे हे शिकवणारा मी, माझ्याच गाडीच्या बाबतीत मात्र ‘कसे वाटते’ यावर चार टायर बदलून बसलो होतो!

पुढच्या रविवारी सकाळी, रस्ता मोकळा असताना, आम्ही मिस्त्रींना घेऊन विल्होळीच्या पुढे वाडीवऱ्हेच्या दिशेने निघालो. मी चालवायचे आणि त्यांनी मागे बसून ऐकायचे, ही त्यांची पहिली अट. “चालवणाऱ्यानं आवाज शोधू नये, सर. त्यानं रस्ता शोधावा.” दुसरी अट, उतारावर गाडी न्यूट्रल करायची नाही आणि चालत्या गाडीचे इंजिन कधीही बंद करायचे नाही.

८० च्या वेगाला पाचव्या गिअरवरून चौथा घातला. इंजिनाचा आवाज चढला, शिट्टी जशीच्या तशी. इंजिन सुटले. ॲक्सिलरेटर किंचित सोडला, पुन्हा दाबला. शिट्टी ढिम्म. गिअरबॉक्स सुटला आणि माझा जीव भांड्यात पडला. राहिले चाक आणि वारा.

इतक्यात सौ. म्हणाल्या, “एक विचारू का? मुंबईला जाताना ही शिट्टी लवकर सुरू होते, येताना उशिरा. जाताना काटा ७५ वर असतो, येताना ९० च्या पुढे.” त्यांनी हे तीन फेऱ्यांत पाहून ठेवले होते. मी विचारले नव्हते म्हणून त्या बोलल्या नव्हत्या.

मिस्त्रींचा चेहरा उजळला. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो. मुंबईला जाताना तो समोरून लागतो, परतताना पाठीशी असतो. चाकांना वाऱ्याची दिशा कळत नाही. तेव्हा शिट्टी वाऱ्याची!

“आता ताई, तुम्ही सांगा,” ते कन्येकडे वळले, “वेग वाढला की शिट्टीचा सूर चढतो, की तोच राहून मोठा होतो?”

कन्या गाणे शिकते. ती लगेच म्हणाली, “सूर तोच. फक्त मोठा होतो.”

हा प्रश्न किती नेमका होता, ते मला नंतर आमच्या पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्यांनी सांगितले. वारा तारेवरून किंवा काठीवरून वाहतो तेव्हा तिच्या मागे आळीपाळीने भोवरे सुटतात आणि आवाज होतो. १८७८ साली स्ट्रौहाल या चेक शास्त्रज्ञाने दाखवून दिले की हा सूर वाऱ्याच्या वेगाबरोबर चढतो. ९० च्या वेगाला पाच मिलिमीटर जाडीची एरिअलची काडी सेकंदाला सुमारे हजार कंपनांचा सूर देते. म्हणूनच काही एरिअलांभोवती मळसूत्रासारखी तार गुंडाळलेली दिसते; भोवऱ्यांची शिस्त मोडते आणि काडी गप्प बसते. पण सूर जर एकाच जागी अडून राहत असेल, तर वारा पोकळीवरून वाहत असतो. पेनचे टोपण ओठाशी धरून फुंकले की वाजते ना, तसे. कालिदासाच्या काव्यांतले वाऱ्याने वाजणारे कीचक वेळू मी दरवर्षी शिकवतो. तेच माझ्या डोक्यावर वाजत होते.

“डोक्यावर” हे अक्षरशः. मिस्त्रींनी विचारले, “शिट्टीच्या आधी गाडीला नवीन काय बसवलं?” मी ठामपणे सांगितले, काही नाही. कन्या म्हणाली, “बाबा, मे महिन्यात टपावर कॅरिअर नाही का लावलं?”

गाडी कडेला घेतली. कॅरिअरच्या पुढच्या आडव्या दांडीतला एक बोल्ट पडून गेला होता आणि तिथे बोटाच्या पेराएवढे, आतून बंद असलेले भोक उघडे राहिले होते. मिस्त्रींनी त्यावर चिकटपट्टीचा तुकडा लावला. पुन्हा ८०, मग ९०. शिट्टी बंद! दोन महिने, चार टायर आणि गिअरबॉक्सचे भय. उत्तर चिकटपट्टीचे इंचभर तुकडे.

मी गाडी वळवणार, इतक्यात मिस्त्री म्हणाले, “थांबा. आता दुसरा आवाज ऐकू येतोय.”

शिट्टी थांबल्यावर तिच्याखाली दबलेली एक घरघर उरली होती. गिअर बदलून ती बदलली नाही. रस्ता किंचित उजवीकडे वळला की वाढे, डावीकडे वळला की कमी होई. उजव्या वळणावर गाडीचा भार डाव्या चाकांवर पडतो. घरी येऊन त्यांनी पुढचे डावे चाक जॅकवर उचलले, हाताने फिरवले आणि माझा हात त्या चाकाच्या स्प्रिंगवर ठेवला. बोटांना बारीक खरखर जाणवली. बेअरिंग गेले होते. खड्ड्यांनी आणि पाण्याने त्याची चकाकी खाल्ली होती. असेच दामटले असते तर ते तापत, सैल होत गेले असते आणि एखाद्या दिवशी भर वेगात चाकच बेभरवशाचे झाले असते. मागच्या आसनावर आई आणि कन्या असताना.

घरी आल्यावर मी आईला हे सांगितले. तिला मुळीच आश्चर्य वाटले नाही. ती निफाडकडच्या खेड्यात वाढली. जात्यात दाणे असले की आवाज भरीव येतो, घास संपला की दगडावर दगड घासतो आणि जात्याला टाकी लावायची वेळ झाली की घरघर निराळीच येते, हे तिला लहानपणापासून कानाने कळत होते.

मग तिला शिट्टी का ऐकू आली नाही? माणसाचा निरोगी कान सेकंदाला २० ते २०,००० कंपने ऐकतो, पण वय वाढते तशी वरच्या टोकाची ऐकण्याची शक्ती आधी ओसरते. अडीच सेंटिमीटरच्या बंद भोकाचा सूर हिशेबाने सेकंदाला सुमारे ३,४०० कंपनांचा येतो. आईच्या कानांनी तो गाळून टाकला आणि खालची घरघर तिच्यापुरती मोकळी केली. आम्हाला शिट्टीने बहिरे केले होते; आईला नाही. निरुपद्रवी आवाज ओरडत होता, धोक्याचा हळू बोलत होता, आणि तो ऐकणाऱ्या एकटीला आम्ही हसलो होतो.

तेव्हा वाचकहो, तुमची गाडी गाऊ लागली तर आधी पाकीट काढू नका, वही काढा. किती वेगाला, कोणत्या गिअरला, कोणत्या रस्त्यावर, कोणत्या वळणावर, वारा कुठून होता, नवीन काय बसवले होते. चार फेऱ्यांची टिपणे करा. आणि गाडीतल्या प्रत्येकाला, सर्वांत लहान आणि सर्वांत वृद्ध माणसाला धरून, वेगवेगळे विचारा.

बेअरिंग बदलल्यानंतरच्या फेरीला बोगद्यात शिरताना मी मुद्दाम विचारले, “आई, आता काही ऐकू येतंय का?”

“येतंय की,” आई डोळे मिटूनच म्हणाली. “तुझं बोलणं. तेवढं थांबलं तर जरा डुलकी लागेल.”