प्लॅस्टिक मिश्रणांचे सुसंगतीकरण

वापरून झालेले प्लॅस्टिक वितळवून नव्या प्लॅस्टिकात मिसळताना मिश्रणातील घटक एकमेकांस घट्ट धरून राहावेत, यासाठी करण्यात येणाऱ्या संस्करणास सुसंगतीकरण म्हणतात.

वऱ्हाडात ठिबक सिंचनामुळे या विषयास महत्त्व आले आहे. अमरावती जिल्ह्यातील वरूड, मोर्शी, अचलपूर इ. तालुक्यांतील संत्र्याच्या बागा व अकोला जिल्ह्यातील शेते यांतून पॉलिएथिलिनाच्या नळ्या वापरल्या जातात. उन्हापासून संरक्षणासाठी त्यांत सु. २ ते ३% काजळी मिसळलेली असते. तरीही ऊन, उष्णता व हवेतील ऑक्सिजन यांमुळे रेणुसाखळ्या काही ठिकाणी तुटतात, तर काही ठिकाणी एकमेकींस जोडल्या जाऊन न वितळणारे कण बनतात. नळीची भिंत जेमतेम १ मिमी. किंवा त्याहूनही पातळ असल्याने असा एखादा कणही पाण्याच्या दाबाखाली तडा जाण्यास कारणीभूत होतो.

जमा केलेल्या मालात पीव्हीसीचे तुकडे व पॉलिप्रोपिलिनाचे ड्रिपरही आढळतात. पीव्हीसी (घनता सु. १.४) पाण्यात बुडते, म्हणून ती वेगळी करता येते. पॉलिएथिलीन (०.९१–०.९७) व पॉलिप्रोपिलीन (सु. ०.९०) मात्र दोन्ही तरंगतात. ती वितळवून ढवळली, तरी एकजीव होत नाहीत. लांब साखळ्यांच्या मिश्रणात एंट्रॉपीची वाढ अत्यल्प असते, त्यामुळे किंचित प्रतिकर्षणही त्यांना विलग ठेवण्यास पुरेसे ठरते. याची उपपत्ती पॉल फ्लोरी व मॉरिस हगिन्स यांनी १९४१-४२ मध्ये स्वतंत्रपणे मांडली. एका घटकाचे थेंब दुसऱ्यात विखुरतात व ताण पडताच त्यांच्या सीमेवर मिश्रण फाटते.

यावर उपाय म्हणजे सुसंगतीकारक होय. त्याच्या रेणूचा एक भाग एका घटकात व दुसरा भाग दुसऱ्या घटकात रुतून सीमेवर टाके घातल्याप्रमाणे काम करतो. पॉलिएथिलीन-पॉलिप्रोपिलीन मिश्रणात एथिलीन-प्रोपिलीन रबर वापरतात, परंतु त्याने मिश्रण मऊ पडते. २०१७ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल व मिनेसोटा विद्यापीठांतील संशोधकांनी दोन्ही प्लॅस्टिकांचे खंड आलटून पालटून जोडलेले सहबहुवारिक तयार केले. ते केवळ १% मिसळल्यानेही ठिसूळ मिश्रण चिवट झाले. पॉलिएथिलीन व नायलॉन यांसाठी मॅलेइक ॲनहायड्राइड जोडलेले पॉलिएथिलीन वापरतात. ते नायलॉनच्या अमाइन गटांशी रासायनिक बंध तयार करते.

जुने व नवे पॉलिएथिलीन मिसळताना अडचण वेगळी असते. तेथे दोघांची वितळलेल्या स्थितीतील श्यानता जुळविणे, न वितळलेले कण गाळून काढणे व ऑक्सिडीभवनरोधक नव्याने घालणे या गोष्टी आवश्यक ठरतात.

सुसंगतीकारक सीमा जोडतो. तुटलेल्या साखळ्या तो पूर्ववत करू शकत नाही. म्हणून दाबाखाली काम करणाऱ्या नळ्यांपेक्षा बादल्या, घमेली इ. वस्तूंसाठी असे मिश्रण अधिक योग्य ठरते. स्वस्त नळी हंगामाच्या मध्यात फुटल्यास होणारी बागेची हानी नळीच्या किंमतीहून कितीतरी अधिक असते.