सात जणींची रग्बी: ग्वांगझू ते राजगीर

जून 2025 मध्ये अंधेरीच्या शहाजी राजे भोसले क्रीडा संकुलात पहिली रग्बी प्रीमियर लीग झाली. दोन आठवडे सहा संघ झुंजले आणि अंतिम सामन्यात दिल्लीला हरवून चेन्नईने बाजी मारली. विरारहून जलद लोकल पकडली की अंधेरी तासाभराच्या आत येते. तेवढ्या अंतरावर वसई-विरारकरांना परदेशातले ऑलिंपिकपटू सेव्हन्स, म्हणजे सात-सात खेळाडूंची रग्बी, खेळताना पाहता आले. ही लीग मात्र फक्त पुरुषांची होती. गेल्या काही वर्षांत भारतीय सेव्हन्सला आशियात ज्यांनी नाव मिळवून दिले, त्या मुलींना त्या मैदानावर जागा नव्हती.

हा खेळ स्कॉटलंडमधल्या मेलरोझ गावचा. 1883 मध्ये तिथल्या क्लबला पैशांची चणचण होती, तेव्हा नेड हेग नावाच्या खाटकाने पंधराऐवजी सातच खेळाडूंचे झटपट सामने भरवण्याची कल्पना मांडली. मैदान पूर्ण आकाराचे, डाव मात्र सात-सात मिनिटांचे. चेंडू हाताने पुढे फेकायचा नाही, मागे किंवा बाजूलाच द्यायचा. आपल्याकडे कबड्डीतही सातच खेळाडू असतात. कोपऱ्यातला रक्षक चढाईपटूच्या पायात सूर मारतो, तेव्हा जो अंदाज लागतो, तोच रग्बीच्या टॅकलमध्ये लागतो. फरक इतकाच की इथे मागे सावरून घ्यायला साखळी नसते. एकीचा टॅकल चुकला की पुढे शंभर मीटरचे रान मोकळे.

भारतात रग्बी आली ती इंग्रजांबरोबर. कलकत्त्याचा क्लब 1878 मध्ये बंद झाला, तेव्हा सभासदांनी शिल्लक चांदीचे रुपये वितळवून चषक घडवला. इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही त्या ‘कलकत्ता कप’साठी खेळतात. मुंबईत बॉम्बे जिमखान्याने हा खेळ जपला, पण तो बराच काळ जिमखाने आणि लष्कराच्या वर्तुळातच राहिला. भारताचा राष्ट्रीय संघ उतरला 1998 मध्ये. अभिनेता राहुल बोस त्या पिढीतला. 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत यजमान म्हणून पुरुषांचा सेव्हन्स संघ दिल्ली विद्यापीठाच्या मैदानावर खेळला, पण बलाढ्य संघांपुढे त्याचा निभाव लागला नाही.

त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत भारतीय मुली उतरल्या. ऑलिंपिक समितीने 2009 मध्येच सेव्हन्सला 2016 च्या रिओसाठी हिरवा कंदील दाखवला होता, त्यामुळे आशियाभर मुलींचे संघ बांधायची लगबग सुरू होती. आपल्याकडे त्या सुरुवातीच्या काळात पुण्याचा वाटा मोठा. नेहा परदेशी, वाहबिझ भरुचा अशा पुणेकर मुली देशाकडून खेळल्या. ऑक्टोबर 2012 मध्ये सेव्हन्स विश्वचषकाची आशियाई पात्रता फेरीही पुण्यातच झाली. तिथून जपान, चीन आणि फिजी विश्वचषकासाठी मॉस्कोला गेले. भारत मागे राहिला, पण आपण नेमके किती मागे आहोत, हे घरच्या मैदानावर कळले.

पुढचे बळ ओडिशातून आले. भुवनेश्वरच्या कलिंगा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस या आदिवासी निवासी शाळेच्या मुलांनी 2007 मध्ये लंडनला स्पर्धा जिंकली होती. मग मुलीही पुढे आल्या. 2019 मध्ये मनिला येथे पंधरा जणींच्या रग्बीत भारताने सिंगापूरला 21-19 असे हरवले. तो या प्रकारातला भारतीय मुलींचा पहिला विजय. कर्णधार होती पुण्याची वाहबिझ आणि निर्णायक पेनल्टी मारली ओडिशाच्या सुमित्रा नायकने. दोन राज्यांची मेहनत अशी एका सामन्यात एकत्र आली.

सेव्हन्समध्ये 2022 साली जकार्ताच्या आशिया ट्रॉफीत संघाने अंतिम फेरी गाठली आणि थायलंडकडून 17-32 अशी हार पत्करून रौप्य मिळवले. ही ट्रॉफी आशियातली दुसरी पायरी. पहिल्या पायरीवरचे अंतर पुढच्याच वर्षी हांगझूच्या आशियाई स्पर्धेत दिसले: हाँगकाँगविरुद्ध 0-38, जपानविरुद्ध 0-45.

2024 मध्ये काठमांडूला झालेल्या आशिया ट्रॉफीची रुखरुख वेगळी. अंतिम फेरीत फिलिपिन्सकडून 5-7 अशी हार. या आकड्यांतच सामन्याची गोष्ट आहे. दोन्ही संघांनी एकेकदा गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवला, म्हणजे एकेक ट्राय, पाच-पाच गुण. फरक पडला तो ट्रायनंतरच्या दोन गुणांच्या किकमध्ये. सेव्हन्समध्ये ही किक चेंडू जमिनीवर ठेवून मारता येत नाही. हातातला चेंडू सोडायचा, तो टप्पा घेऊन उसळत असतानाच पायाने उडवायचा, तेही अगदी थोडक्या सेकंदांत. ट्राय कोपऱ्यात झाला असेल, तर किकही त्याच रेषेतून, तिरक्या कोनातून घ्यावी लागते. म्हणून कसलेले संघ गोलरेषा ओलांडल्यावरही चेंडू खांबांच्या जवळ नेऊन टेकवायला धडपडतात. ही सवय रोजच्या सरावाने आणि भरपूर सामन्यांनी लागते, आणि आपल्या मुलींच्या वाट्याला सामनेच कमी येतात.

आता बिहारही पुढे आला आहे. नालंदा जिल्ह्यातली श्वेता शाही भारताकडून खेळली. ऑगस्ट 2025 मध्ये त्याच जिल्ह्यातल्या राजगीरला वीस वर्षांखालील आशियाई सेव्हन्स स्पर्धा झाली आणि भारतीय मुलींनी उझबेकिस्तानला नमवून कांस्य मिळवले. या वयात अशा लढती खेळलेल्या मुलींना वर्षभर सामने मिळायला हवेत. अंधेरीच्या लीगचा पुढचा हंगाम आखताना महिलांचे चार संघ उभे केले, तरी त्याची सुरुवात होईल.